मंडळीचे खजिनदार झालात? थैलीपासून ताळेबंदापर्यंतचं पहिलं वर्ष

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वार्षिक सभेत कोणीतरी तुमचं नाव सुचवतं, दुसरं कोणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या वाजतात. पुढच्या रविवारी तुमच्या हातात एक पेटी, दोन-तीन पावतीपुस्तकं आणि किल्ल्यांचा जुडगा येतो. "प्रार्थना करून करा, सगळं जमेल," असं सगळे म्हणतात. नेमकं काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका मराठी मंडळीत सहा वर्षं खजिनदार होतो. पेशाने शिक्षक, हिशेबाचं शिक्षण शून्य. पहिल्या वर्षी ज्या चुका केल्या आणि जे विचारायला संकोच वाटला, ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

आधी एक शब्द. आपल्या पवित्र शास्त्रात 'कारभारी' हा शब्द येतो. आपल्या भाषेतही कारभारी म्हणजे मालक नव्हे, तर मालकाचं सांभाळणारा. प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहितो की कारभाऱ्याकडून अपेक्षा एकच, तो विश्वासू असावा. तो हुशार किंवा सीए असावा अशी अट नाही, आणि त्यामुळे मला फार धीर आला. पण विश्वासू असणं म्हणजे नुसतं मन स्वच्छ असणं, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दोन महिन्यांतच मोडली. कशी, ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

## 1. चार्ज घेताना घाई करू नका

जुने खजिनदार बहुतेक वेळा तुमच्या ओळखीचे, वयाने मोठे असतात. "काका, यादी करून घेऊ का?" असं विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारा. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. पुढे काही सापडलं नाही तर पहिला संशय त्यांच्यावरच जाईल.

एका संध्याकाळी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) किंवा चिटणीस यांच्यासमोर बसून हे ताब्यात घ्या:

- हातातली रोख शिल्लक, समोर मोजून
- सर्व बँक खात्यांची पासबुकं, चेकबुकं आणि मुदत ठेवींच्या पावत्या (मुदत कधी संपते ते लिहून घ्या)
- वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, कितीपासून कितीपर्यंत क्रमांक आहेत त्यासह
- रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खात्यांनुसार नोंदींची वही), व्हाउचरच्या फायली
- मागच्या काही वर्षांचे ऑडिट रिपोर्ट
- पॅन कार्ड, ट्रस्टच्या नोंदणीची प्रत, घटना म्हणजेच नियमावली
- जागेचे कागद: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टी, वीजबिल, पाणीपट्टी
- येणी आणि देणी यांची यादी

यादीच्या दोन प्रती करा, दोन्हींवर तिघांच्या सह्या घ्या. कोऱ्या पावतीपुस्तकांचे क्रमांक कोणी लिहून घेत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. एखादं जुनं पुस्तक कोणाच्या तरी कपाटात राहतं, चार वर्षांनी त्यावर पावती फाडली जाते आणि ती रक्कम कुठेच जमा दिसत नाही.

बँकेत सह्या बदलण्यासाठी कमिटीच्या ठरावाची प्रत, नव्या सहीदारांचं केवायसी आणि फोटो लागतात. जुन्या सह्या रद्द करण्याचा उल्लेख ठरावात स्पष्ट हवा. खातं नेहमी दोन सह्यांचं ठेवा. कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवायला कोणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. "मी गावाला चाललोय, दोन चेकवर सही करून ठेव," हे वाक्य तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत ऐकणारच.

## 2. आपली मंडळी कायद्याच्या भाषेत कोण आहे ते शोधा

काही मंडळ्या स्वतंत्र सार्वजनिक ट्रस्ट आहेत. काही मोठ्या ट्रस्टच्या किंवा धर्मप्रांताच्या छत्राखाली आहेत, जागाही त्यांच्याच नावावर असते. तुमची कोणती, हे चिटणीसांना पहिल्याच आठवड्यात विचारा, कारण पुढचे सगळे नियम त्यावर ठरतात.

स्वतंत्र ट्रस्ट असेल तर 1950चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. बऱ्याच मंडळ्यांचे बदल अहवाल कित्येक वर्षं दिलेलेच नसतात. कागदोपत्री जे विश्वस्त आहेत त्यातले निम्मे प्रभूच्या घरी गेलेले असतात, आणि बँक किंवा वकील कागद मागतो तेव्हा सगळे जागे होतात. जागा विकणं, बक्षीस देणं किंवा बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणं, यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. कमिटीने एकमताने ठराव केला तरी ही परवानगी टळत नाही.

## 3. थैली टेबलावर उलटी होते ती वेळ

तुमच्या कामाचा गाभा रविवारची ही वीस मिनिटं आहेत.

आमच्याकडे अर्पण गोळा करायला मखमलीच्या दोन थैल्या फिरतात, लाकडी दांड्याच्या. भक्तीच्या शेवटचा आशीर्वाद झाला की त्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीतल्या, टेबलावर उलट्या करायच्या. पावसाळ्यात नोटा दमट असतात, एकमेकींना चिकटतात. दहाच्या काही नोटा चार घड्या घालून सुपारीएवढ्या केलेल्या. त्या म्हाताऱ्या बायांच्या, पदराच्या गाठीतून आलेल्या. उलगडायला वेळ लागतो. मी त्या कधी घाईने उलगडल्या नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू दानपेटीसमोर बसून लोक काय टाकतात ते पाहत होता, आणि विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, त्याने पाहिल्या. त्या टेबलापाशी बसलं की ते चित्र हमखास डोळ्यांसमोर येतं.

आता माझी चूक. दुसऱ्या महिन्यात एका रविवारी भक्तीनंतर जोराचा पाऊस आला, वीज गेली, सोबतचे वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) घाईने निघून गेले. मी थैल्या तशाच पिशवीत घातल्या, घरी नेल्या आणि सोमवारी रात्री एकट्याने मोजल्या. मंगळवारी बाजारात एक सेवानिवृत्त काका भेटले. "सलाम. माझं पाकीट मिळालं ना? नातवाच्या वाढदिवसाचं होतं, पाचशे." माझ्या मोजणीत तसं दानाचं पाकीट नव्हतं. पिशवी झटकली, थैल्यांची अस्तरं उलटी केली. नाही सापडलं. मी घाबरून स्वतःचे पाचशे भरले, पावती फाडली आणि गप्प बसलो.

काकांनी पुन्हा विचारलं नाही. पण मला आजही सांगता येत नाही की ते पाकीट हरवलं, की थैलीत आलंच नव्हतं, की माझ्याच घरात कुठे पडलं. कोणी विचारलं असतं तर "मी घेतले नाहीत" यापलीकडे माझ्याकडे काहीही नव्हतं. तेव्हा कळलं की माझं मन स्वच्छ आहे हे मला माहीत असून भागत नाही. ते दुसऱ्याला दिसेल अशी सोय करणं हाही विश्वासूपणाचाच भाग आहे.

आणि ही सोय शास्त्रातच आहे. जुन्या करारातल्या '2 राजे' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मंदिराच्या दुरुस्तीसाठी पेटी ठेवली, तिच्या झाकणाला भोक पाडलं, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजून थैल्या बांधत. पौलानेही यरुशलेमेतल्या गरिबांसाठीची वर्गणी एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू घेतले, आणि कारणही लिहून ठेवलं: कोणी दोष लावू नये, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही चांगलं ते दिसावं. पौलाला साक्षीदार लागला, तर आपल्याला का नको?

म्हणून हे ठरवून टाका:

- मोजणी चर्चमध्येच, त्याच दिवशी, किमान दोघांनी. दोघे एकाच घरातले नकोत. नवरा-बायको किंवा बाप-लेक बसवू नका.
- मोजणाऱ्यांची पाळी लावा, म्हणजे दर महिन्याला माणसं बदलतील.
- साधा तक्ता करा: 500, 200, 100, 50, 20, 10, नाणी, पाकिटं. नगांची संख्या, रक्कम, एकूण, तारीख, दोन सह्या.
- फाटकी नोट किंवा कोरं पाकीट आलं तर तसंच लिहा.
- रक्कम कमी-जास्त झाली तर तसं नोंदवा. खिशातून भरून मिटवू नका. मी केलं ते चुकीचं होतं. तुटीची नोंद राहिली असती तर कमिटीला निदान कळलं असतं.
- सोमवारी बँकेत भरा. स्लिप त्या तक्त्याला टाचणीने जोडा.

आणि अर्पणातून परस्पर खर्च करू नका. फुलवाल्याला दोनशे द्यायचे म्हणून थैलीतूनच दिले, बाकी भरले, असं होतं. हिशेब बरोबर असला तरी बँकेची स्लिप आणि मोजणीचा तक्ता जुळत नाही. आधी पूर्ण रक्कम भरा. खर्चासाठी ठरावीक किरकोळ रोख वेगळी ठेवा, आमच्याकडे ती दोन हजार होती.

## 4. कोणाचे पैसे कशासाठी

लोक पैसे देतात तेव्हा बरोबर एक शब्दही देतात: "हे छपरासाठी", "हे संडे स्कूलच्या मुलांसाठी", "आईच्या स्मरणार्थ, गरिबांसाठी". तो शब्द पावतीवर लिहा आणि पाळा. सगळी रक्कम एकाच बँक खात्यात असली तरी खतावणीत प्रत्येक निधीचं वेगळं पान ठेवा: साधारण निधी, इमारत निधी, मदत निधी.

अडचण येते ती साधारण निधी आटला की, बहुधा जून-जुलैत. शाळांच्या फिया, पेरण्या, लोकांचाच हात आखडलेला असतो. तेव्हा कमिटीत कोणीतरी म्हणतं, "इमारत निधीत पडलेत ना पैसे, वापरू या, नंतर भरू." नंतर बहुतेक भरले जात नाहीत. अगदीच वेळ आली तर ठराव करून, किती आणि कधीपर्यंत परत करायचे ते लिहून, मगच घ्या.

पावती प्रत्येक पाकिटाची, प्रत्येक दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाची). खाडाखोड झाली तर पावती फाडून टाकू नका. 'रद्द' लिहून मूळ प्रत स्थळप्रतीला चिकटवा. आणि कोण किती देतं हे तुमच्यापाशीच राहू द्या. बायकोलाही नाही, पाळकसाहेबांनाही नाही. मी एकदाही सांगितलं नाही, आणि त्यामुळे मंडळीत सगळ्यांशी सारखं वागणं मला सोपं गेलं.

करसवलतीची पावती, जिला सगळे 80जी म्हणतात, ती काही जण मागतील. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती सवलत साधारणपणे मिळत नाही. तुमच्या ट्रस्टकडे तसं प्रमाणपत्र असेल तरच ते शब्द पावतीवर छापा.

## 5. क्यूआर कोड कोणाच्या नावाचा?

तरुण मंडळी उत्साहाने म्हणतील, "दादा, तुमच्याच नंबरचा कोड लावू, लगेच सुरू होईल." लावू नका. मंडळीचं दान कोणाच्याही वैयक्तिक खात्यात, एका दिवसासाठीसुद्धा येऊ देऊ नका. तुमचा पगार, किराणा आणि प्रभूचं दान एकाच पासबुकात मिसळलं की ते वेगळं करणं तुम्हालाच जड जाईल. बँकेत जाऊन ट्रस्टच्या खात्याचा कोड मागा. आठ-पंधरा दिवस लागतील, लागू देत.

कोड लावल्यावर महिन्यातून एकदा स्वतःच्या मोबाइलवरून स्कॅन करून नाव तपासा. दारावरच्या कोडवर दुसराच कोड चिकटवून जाण्याचे प्रकार दुकानांत होतात, चर्चचं दार तर आठवडाभर एकटंच असतं.

## 6. खर्च करताना क्रम

दर महिन्याला पहिला चेक पाळकांच्या मानधनाचा आणि झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगाराचा. मग वीज, मग बाकी सगळं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण पाळक मागत नाहीत. सातव्या तारखेला त्यांच्या घरात काय परिस्थिती आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ते रविवारी हसतमुखाने उपदेश करतात आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. मागावं लागू नये अशी व्यवस्था ठेवणं तुमच्या हातात आहे.

प्रत्येक खर्चाला व्हाउचर आणि बिल. पाच हजारांवरच्या रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्या. रिक्षा, चहा अशा बिल नसलेल्या खर्चावर ज्याने खर्च केला त्याची सही.

एक प्रसंग नक्की येईल. रात्री फोन येतो: दवाखान्यात पाच हजार भरायचे आहेत, चर्चचे आहेत ना तुमच्याकडे, चार दिवसांत देतो. माणूस खरा असतो, गरज खरी असते. तरी तुम्ही एकट्याने मंडळीचे पैसे उसने देऊ शकत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ठराव करून घ्या की तातडीच्या मदतीसाठी अमुक रकमेपर्यंत पाळक, खजिनदार आणि एक वडील फोनवर ठरवू शकतात, आणि ती मदत असेल, कर्ज नसेल. आमच्याकडे हा ठराव झाल्यापासून मला रात्रीच्या फोनची भीती वाटेनाशी झाली.

## 7. हंगामाचा सण आणि लिलाव

बाजरीची पोती, भोपळे, नारळ, कोंबड्या, अंडी, घरचं तूप. लोक पहिला उपज आणतात आणि भक्तीनंतर अंगणात लिलाव होतो. वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस, आणि खजिनदाराला सगळ्यात जास्त दमवणारा. एक नारळ तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो. बोली चढते, हशा होतो, आणि "लिहून ठेवा, देतो" म्हणून माणूस कोंबडी घेऊन घरी जातो.

इथे बारभाई कारभार होऊ देऊ नका. बोली पुकारणारा एक, लिहिणारा एक, पैसे घेणारा एक, एवढंच. वहीत रकाने: वस्तू, घेणाऱ्याचं नाव, बोली, रोख, बाकी. परत अर्पण झालेली वस्तू नव्या ओळीवर. बाकी मागायला एक महिन्याने स्वतः घरी जा, चर्चच्या दारात चारचौघांत विचारू नका. आणि नाताळापर्यंत जे आलं नाही ते कमिटीपुढे ठेवा. बाकीदारांची नावं फळ्यावर लावण्याची सूचना आमच्याकडे एकदा आली होती, मी ती मान्य केली नाही. ते आनंदाचं अर्पण होतं, त्याची थकबाकीची नोटीस करू नये असं मला वाटतं.

## 8. परदेशातून पैसे आले तर थांबा

गावातला मुलगा परदेशी गेला आहे, चर्चच्या रंगकामासाठी पाठवू इच्छितो. आधी एकच प्रश्न: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर धरलं जातं, मग तो आपल्याच गल्लीत वाढलेला का असेना, आणि रक्कम रुपयांत का असेना. ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाने) यात फरक पडत नाही.

परकीय योगदानासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमाने नकार द्या. सुट्टीत आलेल्या परदेशी पाहुण्याने थैलीत टाकलेल्या डॉलरच्या नोटेचाही प्रश्न असतो. ती आपसांत बदलून घेऊ नका, बाजूला ठेवून सीएंना विचारा.

रोखीचंही लक्षात ठेवा: एकाच व्यक्तीकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, दान असलं तरी.

## 9. हिशेब मांडणं

दर महिन्याला पासबुक आणि रोजकीर्द जुळवा. वर्षअखेरीला एकदम जुळवायला बसलात तर एप्रिलची सुट्टी त्यातच जाईल. महिन्याचा जमाखर्च एका पानावर करून नोटीस बोर्डावर लावा, नावं न देता, फक्त शीर्षकं आणि रकमा.

31 मार्चला पुस्तकं बंद करा, मे महिन्यात सीएंकडे द्या. ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवं. सप्टेंबरमध्ये गेलात तर ते तुमच्याकडे बघणारही नाहीत.

वार्षिक सभेत प्रश्न येतील. "रंगाला एवढे कसे लागले?" आवाज चढलेला असेल. पहिल्या वर्षी मी दुखावलो होतो, उत्तर देताना माझा गळा दाटून आला. तिसऱ्या वर्षी मी व्हाउचरची फाईल बरोबर घेऊन बसलो आणि प्रश्न आला की पान उघडून समोर ठेवलं. प्रश्न विचारणारे तेच काका पुढच्या महिन्यात मोजणीच्या पाळीला नाव द्यायला आले.

## 10. चार्ज देताना

तुमची मुदत संपेल तेव्हा पहिल्या पायरीतली तीच यादी काढा आणि नव्या माणसाने न मागता भरून द्या. शेवटच्या रविवारी मी नव्या ताईंना मोजणीला शेजारी बसवलं. त्या बँकेत काम करतात, नोटा भराभर मोजतात. चार घड्यांची दहाची नोट आली तेव्हा त्यांनी ती बाजूला सरकवली, नंतर बघू म्हणाल्या. मी ती त्यांच्यापुढे परत ठेवली आणि म्हटलं, "ही आधी." त्यांनी ती टेबलावर तळहाताने सपाट केली, तक्त्यात दहाच्या रकान्यात एक वाढवला, आणि आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.